खाचेत खाच: सपाट तुकड्यांचा अवजारविरहित बांधणी-संच कसा रचावा

सपाट तुकड्यांच्या कडांना खाचा पाडायच्या, एकाची खाच दुसऱ्याच्या खाचेत सरकवायची आणि गोंद, खिळा, स्क्रू, पाना यांपैकी काहीही न वापरता घर, पूल किंवा मनोरा उभा करायचा, ही कल्पना ऐकायला सोपी आहे. फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ मध्ये पेटंट घेतलेल्या मेकॅनो या धातूच्या पट्ट्यांच्या संचाला नट-बोल्ट आणि पाना लागत असे. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने १९५२ साली आणलेल्या ‘हाउस ऑफ कार्ड्स’ला मात्र ५४ पत्ते आणि प्रत्येक पत्त्याला सहा खाचा एवढेच पुरले. तरीही स्वतः असा संच करायला बसणारे बहुतेक जण तुकड्यांच्या आकारांपासून सुरुवात करतात, दोन तुकडे छान अडकले की खूश होतात, आणि पाचवा-सहावा तुकडा जोडताना कुठेतरी दीड मिलिमीटर कमी पडतो किंवा जास्त होतो असे त्यांच्या लक्षात येते. आकार ही शेवटी ठरवायची गोष्ट आहे. त्याआधी जाडी, टप्पा आणि खाचेची खोली या तीन आकड्यांचा एकमेकांशी मेळ बसवावा लागतो, आणि तो कसा बसवायचा हेच या लेखात मुख्यतः सांगितले आहे.

पुणे जिल्ह्यातील पाबळ येथील विज्ञान आश्रमात २००२ साली अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या सहकार्याने फॅब लॅब, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या यंत्रांवर वस्तू बनवण्याची प्रयोगशाळा, सुरू झाली. एमआयटीबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबमध्ये तिची गणना होते. जगभरच्या अशा प्रयोगशाळांमधून चालणाऱ्या फॅब अकॅडमीच्या अभ्यासक्रमात लेझर कटर शिकवताना नेमका हाच स्वाध्याय दिला जातो: मापे बदलली की आपोआप बदलणारा, लेझरने कापलेला, दाबून बसणारा बांधणी-संच. येथे उदाहरण म्हणून शाळेतील मुलांच्या हातात देता येईल असा, सुमारे ३ मिमी जाडीच्या एमडीएफचा (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीचा) संच घेतला आहे. ज्यांच्याजवळ लेझर नाही त्यांना हेच गणित बाइंडिंगच्या पुठ्ठ्यावर कटरने वापरता येईल.

साहित्य

पहिला नमुना पुठ्ठ्याचाच करावा, कारण तो फुकट मिळतो आणि चुकला तर वाईट वाटत नाही. खोक्यांचा पन्हळी पुठ्ठा खाचेच्या दोन्ही भिंतींवर दबतो, त्यामुळे अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाले तरी तुकडा बसतो. पण याच गुणामुळे तो मापातल्या चुका लपवतो. म्हणून रचनेची कल्पना तपासण्यासाठी पन्हळी पुठ्ठा आणि मापे तपासण्यासाठी पुस्तकबांधणीचा घट्ट पुठ्ठा असा क्रम ठेवावा.

अंतिम संचासाठी एमडीएफ स्वस्त, सपाट आणि सर्व दिशांना सारख्या ताकदीचा असतो. मात्र पाण्याशी त्याचे वैर आहे. प्लायवूड अधिक चिवट असते, पण त्याच्या आतल्या थरात पोकळी किंवा जादा गोंद असल्यास लेझर तेथे अडखळतो, आणि पातळ प्लायच्या शीटला बाक असतो. ॲक्रिलिक दिसायला देखणे असले तरी घट्ट खाचेत ते तडकते, म्हणून त्याच्या खाचा किंचित सैल ठेवाव्या लागतात आणि मग नुसत्या घर्षणावर भिस्त ठेवता येत नाही. पीव्हीसीपासून बनलेला सनबोर्ड हाताने कापायला उत्तम आहे, पण तो लेझरमध्ये कधीही घालू नये. जळताना त्यातून निघणारा हायड्रोजन क्लोराइड वायू फुप्फुसांना घातक असतो आणि यंत्राचेही भाग गंजवतो. एमडीएफचा धूरही निरुपद्रवी नाही. धूर ओढून बाहेर सोडणारा पंखा चालू असल्याशिवाय कापायला बसू नये.

शीट घरी आणल्यावर पहिले काम म्हणजे व्हर्नियर कॅलिपरने जाडी मोजणे. दुकानदार ज्याला ३ मिमी म्हणतो ती शीट प्रत्यक्षात २.८ भरू शकते किंवा ३.१ही. चारही कोपऱ्यांजवळ आणि कडेपासून जितके आत पोहोचता येईल तितक्या जागी मोजून सरासरी नव्हे, तर सर्वांत मोठे आणि सर्वांत लहान माप लिहून ठेवावे. दोहोंत ०.१५ मिमीपेक्षा अधिक फरक असेल, तर घर्षणावर चालणाऱ्या संचासाठी ती शीट योग्य नाही. रंग किंवा पॉलिश करायचे असल्यास ते कापण्याआधी करून, वाळल्यावर मग मोजावे, कारण दोन्ही बाजूंचा रंग मिळून जाडीत सहज ०.१ मिमीची भर घालतो.

टप्पा, खोली आणि रुंदी

लगतच्या दोन खाचांच्या मध्यरेषांमधील अंतराला येथे टप्पा म्हटले आहे. मेकॅनोच्या पट्ट्यांवरील भोकांत अर्ध्या इंचाचे अंतर असते आणि लेगोच्या उंचवट्यांत ८ मिमीचे. १९५८ साली पेटंट घेतलेल्या लेगोच्या विटा आजच्या विटांना जोडता येतात, त्यामागे हे अंतर कटाक्षाने न बदलणे हे मोठे कारण आहे. एकदा टप्पा ठरला की पुढच्या काळात केलेला प्रत्येक नवा तुकडा टप्प्यांच्या त्याच जाळीवर बसला पाहिजे. ३ मिमी जाडीसाठी २० मिमी टप्पा सोयीचा पडतो: दोन खाचांमध्ये १७ मिमी लाकूड शिल्लक राहते आणि मुलांच्या बोटांना तुकडा धरता येतो.

आता खोली. दोन तुकडे काटकोनात एकमेकांत सरकतात तेव्हा एकाच्या खाचेचा तळ दुसऱ्याच्या खाचेच्या तळाला टेकतो. म्हणजे दोन तुकड्यांचा संपर्क कडेवर नव्हे, तर कडेपासून खाचेच्या खोलीइतक्या आत असलेल्या एका काल्पनिक रेषेवर होतो. तिला तळरेषा म्हणू. सगळे गणित या तळरेषेपासून मांडायचे, तुकड्याच्या कडेपासून नाही. ही एक गोष्ट समजली की अर्धे काम झाले.

सांध्याच्या अलीकडच्या तुकड्यावरील शेवटची खाच आणि पलीकडच्या तुकड्यावरील पहिली खाच यांमधील अंतरही नेमके एक टप्पा भरले पाहिजे, नाहीतर सांध्यापाशी जाळी तुटते. त्यासाठी प्रत्येक तुकड्यावर पहिली खाच तळरेषेपासून अर्ध्या टप्प्यावर हवी. यातून दोन सूत्रे मिळतात. कोपऱ्यापासून पहिल्या खाचेच्या मध्यरेषेचे अंतर म्हणजे खोली अधिक अर्धा टप्पा. आणि तुकड्याची एकूण रुंदी म्हणजे दुप्पट खोली अधिक (त्या कडेवरील खाचांची संख्या गुणिले टप्पा). या सूत्रांत बसणारा कोणताही चौरस वा आयत दुसऱ्या कोणत्याही तुकड्याशी जुळतो आणि सांधे फिरत फिरत मूळ जागी आले तरी जाळी बंद होते.

खोली किती घ्यावी? कमीत कमी मर्यादा स्थैर्यातून येते आणि जास्तीत जास्त मर्यादा टकरीतून. आधी टक्कर पाहू, कारण ती कागदावर दिसत नाही. खाचेत बसलेला तुकडा तळरेषेवर थांबत नाही. त्याची कड तळरेषेपलीकडे स्वतःच्या खोलीइतकी आत गेलेली असते. त्याच कोपऱ्यात लगतच्या कडेवरील पहिल्या खाचेत दुसरा तुकडा बसवला असेल, तर त्याचे प्रतल तळरेषेपासून अर्ध्या टप्प्यावर, म्हणजे १० मिमीवर असते आणि त्याची अर्धी जाडी, म्हणजे १.५ मिमी, अलीकडे येते. मोकळी जागा उरते ८.५ मिमी. खोली १० मिमी धरली (आणि टप्प्याच्या निम्मी खोली हा आकडा सहज सुचतो) तर कोपऱ्यातले दोन तुकडे एकमेकांवर आदळतात आणि यांपैकी एक पूर्ण खाली बसत नाही. म्हणून नियम असा: खोली ही टप्प्यातून जाडी वजा करून येणाऱ्या आकड्याच्या निम्म्याहून कमी असावी.

स्थैर्याचे गणित उलट दिशेने ओढते. खाच तुकड्याच्या जाडीपेक्षा ०.१ मिमी रुंद असेल आणि खोली ७ मिमी असेल, तर बसलेला तुकडा खाचेच्या लांबीच्या दिशेत ०.१ भागिले ७ रेडियन, म्हणजे सुमारे ०.८ अंश डुलतो, आणि १०० मिमी उंचीवर हा डोल जवळजवळ दीड मिलिमीटर होतो. खोली निम्मी केली तर डोल दुप्पट. पिळण्याच्या दिशेत परिस्थिती आणखी नाजूक असते, कारण तेथे पकड फक्त जाडीइतकीच, ३ मिमीची, मिळते आणि तेवढ्याच सैलपणात काटकोन १.९ अंशांनी बिघडू शकतो. पातळ साहित्यात काटकोन खात्रीचा का मिळत नाही, याचे उत्तर येथे आहे. सर्वसाधारणपणे खोली जाडीच्या दुपटीहून अधिक ठेवली तर हाताला रचना भरवशाची वाटते. या उदाहरणात ७ किंवा ८ मिमी दोन्ही चालतील. मी ७ घेतो, त्याचे कारण पुढच्या भागात येईल.

७ मिमी खोली आणि २० मिमी टप्पा धरला की पहिल्या खाचेची मध्यरेषा कोपऱ्यापासून १७ मिमीवर येते. एका खाचेच्या कडेची रुंदी ३४ मिमी, दोन खाचांच्या कडेची ५४, तिनाची ७४ आणि चाराची ९४ मिमी. हे आकडे गोल नाहीत म्हणून खटकतात. पण ते ३५, ५५, ७५ केले तर जाळी मोडते.

काटकोनाखेरीज इतर कोन

मुलांना लगेच त्रिकोणी मनोरा किंवा षट्कोनी घर हवे असते. त्यासाठी खाच थोडी रुंद करून तुकडा तिरका बसवावा, हा मार्ग टाळावा. कापाच्या भिंती शीटला लंब असतात, त्यामुळे तिरक्या तुकड्याला जाण्यापुरती खाच किती रुंद लागेल ते काढता येते: ६० अंशांच्या कोनासाठी ती जाडीच्या १.७३ पट भरते. ३ मिमी तुकड्यासाठी ५.२ मिमीची खाच झाली म्हणजे तुकडा फक्त दोन धारांवर टेकतो आणि पकड उरत नाही.

कोन जोडणाऱ्या तुकड्याच्या प्रतलात आणावा. एक गोल चकती आडवी ठेवून तिच्या परिघावरून केंद्राच्या दिशेने खाचा पाडल्या, तर त्या खाचांमधील कोन आपण रेखाटू तो असतो आणि प्रत्येक उभा तुकडा चकतीला मात्र काटकोनातच बसतो. सहा खाचा ६० अंशांवर पाडलेली एकच चकती त्रिकोण, षट्कोन आणि १२० अंशांची तिहेरी वाट या सगळ्यांना पुरते.

चकतीच्या खाचांचे तळ केंद्रापासून अर्ध्या टप्प्यावर, १० मिमीवर ठेवावेत. म्हणजे दोन चकत्यांमध्ये दोन खाचांचा तुकडा घातला असता केंद्रांमधील अंतर १० अधिक ४० अधिक १० असे नेमके ६० मिमी, म्हणजे तीन टप्पे येते आणि चकतीही त्याच जाळीत राहते. आता सहा तुकडे केंद्राकडे सरकतात तेव्हा ते तळापलीकडे आणखी खोलीइतके आत जातात. ३ मिमी जाडीचे सहा तुकडे ६० अंशांवर एकत्र येत असतील, तर त्यांच्या आतल्या कडा केंद्रापासून किमान २.६ मिमी दूर असल्या पाहिजेत, नाहीतर त्या एकमेकांत घुसतात. १० मधून ८ वजा केल्यास २ उरतात, ते अपुरे आहेत. ७ वजा केल्यास ३ उरतात आणि सहाही तुकडे बसतात. खोली ७ मिमी घेतली ती यासाठी. चकतीचा व्यास (१० अधिक ७) च्या दुप्पट, म्हणजे ३४ मिमी होतो. लहान चौरसाच्या रुंदीइतकाच. खाचांच्या तळांपाशी दोन खाचांमध्ये ७ मिमीहून थोडे अधिक लाकूड राहते, ते पुरेसे आहे. आठ खाचांच्या चकतीचा मोह झाला तर हीच दोन्ही मापे पुन्हा तपासावीत. ३ मिमीच्या शीटमध्ये त्या चकतीसाठी केंद्रापासून अधिक अंतर ठेवावेच लागते.

कर्फ आणि चाचणी-फणी

लेझर रेषेवर कापतो म्हणजे रेषेभोवतीचे थोडे साहित्य जाळून टाकतो. या जळालेल्या पट्टीच्या रुंदीला कर्फ म्हणतात. परिणामी खाच रेखाटल्यापेक्षा एका कर्फने रुंद होते आणि तुकडा बाहेरून एका कर्फने लहान. कर्फ यंत्र, भिंग, वेग, शक्ती आणि साहित्य यांनुसार बदलतो. दुसऱ्याने सांगितलेला आकडा वापरू नये. मोजण्याची सोपी रीत अशी: १० मिमी रुंदीचे दहा तुकडे सामाईक रेषांनी एका ओळीत रेखाटावेत, कापावेत, शेजारी-शेजारी दाबून ठेवावेत आणि एकूण लांबी मोजावी. १०० ऐवजी ९८.५ मिमी भरली, तर कर्फ ०.१५ मिमी.

यावरून खाचेची रेखाटायची रुंदी म्हणजे मोजलेली जाडी वजा कर्फ. जाडी २.९ आणि कर्फ ०.१५ असेल तर २.७५ मिमी. पण हा हिशेब फक्त सुरुवात करून देतो. ‘घट्ट’ म्हणजे किती घट्ट हे हातच ठरवतो, म्हणून एका पट्टीवर २.५५ पासून ३.०० पर्यंत ०.०५ मिमीच्या फरकाने दहा खाचा पाडून चाचणी-फणी करावी आणि प्रत्येक खाचेखाली तिचा आकडा कोरावा. तुकडा दोन बोटांनी ढकलून तळापर्यंत जातो, उलटा धरून हलवल्यास पडत नाही आणि मूल एका हाताने तो काढू शकते, अशी खाच निवडावी. दोन आकड्यांत शंका असल्यास एमडीएफसाठी घट्ट आणि ॲक्रिलिकसाठी सैल पर्याय घ्यावा: एमडीएफच्या खाचा वापराने थोड्या सैलावतात, ॲक्रिलिकच्या तशा दबत नाहीत.

बहुतेक मार्गदर्शक येथे थांबतात, पण कर्फचा दुसरा परिणाम लांबीवर होतो. खाचेचा तळही अर्ध्या कर्फने आत जातो, त्यामुळे तुकड्याच्या समोरासमोरच्या दोन तळरेषांमधील अंतर एका कर्फने घटते. एका तुकड्यात ०.१५ मिमी कोणाच्या लक्षात येत नाही. दहा मजल्यांच्या मनोऱ्यात तो दीड मिलिमीटर होतो. खाचांच्या मध्यरेषा मात्र कर्फमुळे हलत नाहीत. म्हणजे मनोरा आखूड होतो, पण त्याच्या बाजूला लावायच्या लांब पट्टीचे टप्पे तंतोतंत राहतात आणि पट्टी बसतच नाही. उपाय सोपा आहे: रेखाटताना प्रत्येक खाचेचा तळ अर्ध्या कर्फने तोंडाकडे घ्यावा. या उदाहरणात तो ७ ऐवजी ६.९२५ मिमी होतो.

हे सगळे आकडे हाताने आकृतीत भरत बसू नये. फ्रीकॅड या आरेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये तक्ता जोडून किंवा ओपनस्कॅड या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चलांना नावे देऊन जाडी, कर्फ, टप्पा आणि खोली एकदाच लिहावी आणि बाकीचे सूत्रांवर सोपवावे. पुढची शीट ३.१ मिमीची निघाली तर एक आकडा बदलला की लेझरला द्यायची नवी डीएक्सएफ फाइल तयार होते.

खाचेचे तोंड आणि तळ

तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांना ४५ अंशांत १ मिमीचा उतार द्यावा. तुकडा नेमका समोर न धरताही तो आत वळतो, आणि घट्ट खाचेत कोपरे फुटत नाहीत. मुलांच्या संचात हा उतार नसेल तर पहिल्याच दिवशी चिडचिड ऐकू येते. तळाचे कोपरे लेझरने चौकोनी येतात आणि तसे चालतात. ॲक्रिलिकमध्ये मात्र तेथे ०.५ मिमी त्रिज्येची गोलाई द्यावी, कारण टोकदार कोपऱ्यातूनच तडा सुरू होतो.

सीएनसी राउटरवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या फिरत्या पात्याच्या यंत्रावर, जाड प्लाय कापणाऱ्यांसाठी परिस्थिती वेगळी आहे. ६ मिमीचे फिरते पाते आतल्या कोपऱ्यात ३ मिमी त्रिज्येचे लाकूड सोडते, त्यामुळे दुसऱ्या तुकड्याचा चौकोनी कोपरा तळापर्यंत पोहोचत नाही. तेथे कोपऱ्यात पात्याला थोडे पुढे नेऊन गोल खळगा करतात. २०११ साली सुरू झालेल्या विकीहाउस या घरांचे आराखडे सर्वांसाठी खुले ठेवणाऱ्या प्रकल्पातील १८ मिमी प्लायच्या घरांचे भाग याच तंत्राने कापले गेले, आणि त्या मापात घर्षण पुरत नाही म्हणून सांध्यांना पाचरी ठोकल्या गेल्या. टेबल, मांडणी, प्रदर्शनाचे स्टँड अशा मोठ्या वस्तूंसाठी आरपार जाणारी जीभ आणि तिच्यातली पाचर हाच सांधा घ्यावा. स्वतः लवून अडकणारा आकडाही (हुक) काही जण सुचवतात. एमडीएफमध्ये तो लवकर तुटतो. करायचाच असेल तर आकड्याची दांडी लांब ठेवावी, कारण तेवढ्याच लवण्यासाठी लांबी दुप्पट केली की ताण चौथाई होतो.

जोडणीची दिशा

जाळीचे गणित बरोबर असूनही काही रचना बांधताच येत नाहीत. खाचेतला सांधा एकाच दिशेने सरकतो: खालच्या तुकड्यावर बसणारा तुकडा वरून खाली येतो, बाजूच्या तुकड्यात जाणारा आडवा सरकतो. एखाद्या तुकड्याला खालच्या तुकड्याशीही जोडायचे आहे आणि बाजूच्या तुकड्याशीही, तर त्याला एकाच वेळी दोन दिशांनी सरकावे लागेल, आणि ७ मिमी खोलीच्या ताठ तुकड्यांत ते शक्य नाही. संगणकावर सहा बाजूंचे बंद खोके सुबक दिसते, पण हातात ते शेवटच्या तुकड्यावर अडते.

म्हणून प्रत्येक नमुना-रचना कागदावर उलगडून पाहावी. पूर्ण रचनेतून कोणता एक तुकडा, किंवा तुकड्यांचा एकसंध गट, एकाच दिशेने ओढून बाहेर येतो ते शोधावे. तो बाजूला ठेवून उरलेल्यात पुन्हा तेच करावे. कुठेही हा क्रम थांबला तर ती रचना बांधता येणार नाही, कारण जोडणी ही याच क्रमाची उलट वाट आहे. व्यवहारात सर्वांत सुरक्षित पद्धत थरांची: एका थरातले सर्व तुकडे आधीच्या थरावर त्याच एका दिशेने बसवायचे, त्यांच्या वरच्या खाचा मोकळ्या ठेवायच्या आणि पुढचा थर त्यांवर चढवायचा. हाच क्रम मुलांना रचनापत्रकात बाणांनी दाखवावा.

थरांच्या रचनेचा एक तोटा आहे. सर्व सांधे एकाच दिशेने सरकत असल्याने वरून उचलले की मनोरा अर्ध्यातून सुटतो. त्यासाठी संचात एक खास तुकडा ठेवावा: एकाच लांब कडेवर चार खाचा असलेली ९४ मिमी लांबीची पट्टी. ती उभी धरून बाजूने आत सरकवली की तिच्या खाचा वेगवेगळ्या उंचीवरील आडव्या तुकड्यांच्या बाजूच्या खाचांत जातात आणि ते तुकडे आता वर-खाली वेगळे होऊ शकत नाहीत. पट्टी स्वतः फक्त घर्षणावर टिकते, पण तिच्यावर उभा ओढ येतो तो तिच्या सरकण्याच्या दिशेला काटकोनात असतो, म्हणून ती सुटत नाही. तिला कुलूप-पट्टी म्हणावे. मनोऱ्याच्या दोन विरुद्ध बाजूंना एकेक लावली की रचना उचलून दुसऱ्या टेबलावर ठेवता येते. या पट्टीची रुंदी किमान २० मिमी ठेवावी. ७ मिमीच्या खाचांमागे १३ मिमी लाकूड राहिले की ती हातात मोडत नाही.

कोणते तुकडे, किती

येथे आवर घालावा लागतो. आकार जितके अधिक तितका प्रत्येक आकार कमी संख्येने येतो आणि हवा तो तुकडा नेहमी संपलेला असतो. ३४ आणि ५४ मिमीचे चौरस, ३४ बाय ७४ मिमीचा आयत, सहा खाचांची चकती आणि कुलूप-पट्टी एवढे पाच आकार पहिल्या संचाला पुरतात. संख्येने सर्वाधिक ५४चे चौरस असावेत. कमान, चाक, छपराचा त्रिकोण हे नंतर द्यावेत. तेही याच सूत्रांवर.

६०० बाय ४०० मिमीच्या लेझरवर ५४ मिमीचे चौरस २ मिमी अंतर ठेवून दहा गुणिले सात असे सत्तर बसतात. लहान तुकडे आणि चकत्या उरलेल्या पट्टीत घालाव्यात. सामाईक रेषा ठेवून साहित्य वाचवण्याचा विचार येथे सोडून द्यावा, कारण त्यात कडेच्या खाचा एकमेकींसमोर येतात आणि तुकडा सुटून यंत्राच्या जाळीदार पाटावर तिरका पडला की शेजारचा काप बिघडतो. खाचा आधी आणि बाह्यरेषा शेवटी कापल्या जातील असा क्रम यंत्राला द्यावा.

चाचणी, पाऊस आणि देखभाल

पूर्ण शीट कापण्याआधी प्रत्येक आकाराचे थोडेच तुकडे कापून चार गोष्टी पाहाव्यात: कोपऱ्यातील दोन लगतच्या खाचांत तुकडे एकत्र बसतात का, चकतीत सहाही तुकडे तळापर्यंत जातात का, दहा मजल्यांच्या मनोऱ्याला कुलूप-पट्टी दोन्ही टोकांना लागते का, आणि ज्या वयाच्या मुलांसाठी संच आहे त्या वयाचे मूल तुकडे स्वतः वेगळे करू शकते का. शेवटची चाचणी मोठ्यांनी स्वतःवर करू नये. त्यांच्या बोटांत जोर जास्त असतो. तीन वर्षांखालील मुलांसाठी एवढे लहान तुकडे योग्य नाहीत.

एमडीएफ आणि पुठ्ठा हवेतली आर्द्रता शोषून फुगतात. एप्रिलच्या कोरड्या हवेत देशावर कापलेला, नेमका बसणारा संच जुलैत कोकणात किंवा गोव्यात उघडला, तर खाचा घट्ट लागतात आणि जोर लावल्यावर कोपरे उडतात. दमट भागासाठी कापताना फणीवरची एक पायरी सैल खाच निवडावी, कापलेल्या कडांना पातळ लाख-पॉलिशचा एक हात द्यावा आणि संच झाकणाच्या डब्यात ठेवावा. पॉलिश खाचेच्या भिंतीवरही बसते, म्हणून फणीलाही तोच हात देऊन मगच रुंदी ठरवावी.

घट्ट झालेल्या खाचेवर मेणबत्ती घासली की तुकडा पुन्हा सहज सरकतो. सैल झालेल्या खाचेच्या भिंतींना पाण्यात पातळ केलेला पांढरा गोंद ब्रशने लावून पूर्ण वाळू द्यावा. एक-दोन हातांत पकड परत येते. तुटलेला तुकडा चिकटवत बसण्यापेक्षा नवा कापणे बरे, आणि त्यासाठी डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूस शीटची मोजलेली जाडी, कर्फ, फणीवर निवडलेला आकडा, टप्पा आणि खोली लिहून ठेवावी. निवडलेली फणीही त्याच डब्यात असू द्यावी, म्हणजे नवी शीट घेताना तिचा एक तुकडा त्या फणीत घालून खाचेची रुंदी बदलावी लागेल की नाही ते दुकानातच कळते.